पाचर

पंगुनी महिन्यात, रथाच्या दिवशी
पहाटे पाचला मी गावाची वीज तोडतो.
आधी दक्षिण रस्त्याच्या तारा, मग पश्चिमेच्या,
वेटोळी करून खांबालाच टांगून ठेवतो.
पंखे थांबतात. ओल्या पिठाची चक्की अर्ध्यात थांबते.
सिंगापूरला पोरं असलेल्या बाया
मोबाइल बंद करून पदरात ठेवतात:
बॅटरी उरायला हवी, रथ दाखवायचाय.

मग उत्तरेच्या कोपऱ्यावर
मी खांबावर चढून बसतो, कमरेला पट्टा, नियमाप्रमाणे.
रथ आला की देव माझ्या समोरासमोर येतो,
इतका, की पुजाऱ्याच्या काखेतला घाम दिसावा.
गावात एवढ्या उंचीवर त्या घटकेला
दोघेच. तो आणि वीज मंडळाचा कर्मचारी.

खाली वैरक्कण्णू.
चाकापुढे अर्धा वाकलेला,
हातात चिंचेची पाचर, रात्रभर एरंडेल प्यालेली.
दोराला हजार माणसं असतात
पण दोर सरळच ओढतो.
कोपरा आला की तविल गप्प होतं
आणि सगळं गाव एका मनगटाकडे बघतं.
डाव्या चाकाखाली पाचर, जराशी तिरकी,
आणि टेकडीएवढं लाकूड करकरत
गाभण म्हशीसारखं
सावकाश वळतं.

पाचर मारली म्हणजे काम अडलं, असं म्हणतात लोक.
याने बेचाळीस वर्षं पाचरच मारली.

चाकावरची नजर काढायची नाही, बापाने शिकवलेलं.
उजव्या हाताला अंगठा नाही.
एकदा वर बघितलं होतं, म्हणतो,
आणि चहात बिस्कीट बुडवतो.

रथाला रस्ते चार.
वैरक्कण्णूचं घर पाचव्यात, पंपाच्या खोलीमागे.
तिकडे रथ वळत नाही. अरुंद आहे, म्हणतात.
मी मोजलाय, तारा ओढताना:
दक्षिण रस्त्याहून हातभर जास्तच भरतो.

यंदा तिरुच्चीहून लोखंडी ब्रेक आले.
इस्त्रीच्या शर्टातल्या एका साहेबाने
कळ दाबून दाखवली, टाळ्या झाल्या.
पाचरी मंडपाच्या कोपऱ्यात गेल्या, केळीच्या खुंटांखाली.
वैरक्कण्णूला म्हणाले, आता आराम.

तो आला. नवं वेष्टी, कपाळभर विभूती,
बायको अंजलै शेजारी, कधी नव्हे ती,
दोघं पानक वाटणाऱ्यांच्या मंडपाजवळ
पाहुण्यांसारखी उभी.
वरून मला दिसत होतं, त्याला हात कुठे ठेवावेत कळत नव्हतं.

रथ कोपऱ्यावर आला आणि थांबला. उत्तम थांबला.
पण वळेना.
साहेब कळ दाबत राहिला.
दोर ताणला, ढिला पडला, पुन्हा ताणला.
वैरक्कण्णूने हात जोडले होते.
मान वर जात होती, हळूहळू,
चाकावरून लाकडी घोड्यांवर, घोड्यांवरून झुलींवर,
आणखी दीड हात राहिला होता
तेवढ्यात कुणीतरी ओरडलं,
वैरक्कण्णू!

आणि तो वाकला.
अंजलैने त्याच्या खांद्यावरचं उपरणं
पडता पडता धरलं.

संध्याकाळी मी तारा जोडत होतो.
खांबाखाली येऊन उभा राहिला,
वेष्टीला एरंडेलाचे डाग.
बराच वेळ पक्कड, पाना, असलंच काही बोलला.
मग म्हणाला, तंबी,
तिथून कसा दिसतो रे?

काय सांगणार? कोपऱ्यावर
मीही चाकाकडेच बघत होतो.
कपाळावरचं चंदन डावीकडे थोडं फिसकटलं होतं, म्हणालो,
घाईत लावलं असणार.
खोटं नव्हतं ते. मागच्या वर्षीचं होतं.

तो हसला. फिसकटणारच, म्हणाला,
त्या कोपऱ्याला हिसका बसतोच. माझ्या हातूनही बसतो.

फ्यूज बसवला.
दिवे आधी पाचव्या रस्त्यात लागले,
जोडणीच तशी आहे,
मग देवळात.